एकतीस फ्रिज आणि दोन तिरक्या रेघा

३ जून, सोमवार

तवोंगाने आज सकाळपासून एकच ओळ एकतीस वेळा लिहिली! मी मोजत होते. नवापर्यंत मोजलं, मग ती म्हणाली, "आजी, मोजू नकोस गं. रडू येतं मला."

पोरगी दमली आहे. मीही दमले आहे, पण माझं दमणं जुनं, त्याला आता कुणी विचारत नाही. गुडघे धरलेत. आमच्या म्झुझूत जून म्हणजे थंडीच, आणि वर तो चिकट पाऊस, धड पडतही नाही, थांबतही नाही. कमरेला गुंडाळायचं चितेंजे दोन दिवस दोरीवर आहे, ओलंच.

तर तिचं काम. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. सरोवराकाठी आणि डोंगरात मिळून एकतीस दवाखाने. प्रत्येकात लसींचा एक फ्रिज, आणि प्रत्येक फ्रिजवर नजर ठेवणारा एक छोटा प्रोग्राम. फ्रिज तापला की तो तिथल्या सिस्टरच्या मोबाइलवर मेसेज टाकतो. किती अंशाला ओरडायचं, कुणाला ओरडायचं, किती वेळाने बघायचं, हे सगळं त्या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फायलींत लिहिलेलं असतं. एकेका दवाखान्याच्या सात फायली. एकतीस साती किती ते मला येत नाही. तवोंगा म्हणाली, "पुष्कळ."

आज राजधानीतून, लिलाँग्वेहून, तिच्या ऑफिसच्या मोठ्या बाई म्हणाल्या, तासाला नको, अर्ध्या तासाला बघा. झालं! एक ओळ, एकतीस ठिकाणी, हाताने. एका ठिकाणी ऑफिसातल्या पोराने आधीच बदललेलं, त्यात तीस मिनिटांच्या जागी तीनशे पडलं. ते शोधण्यात दुपार गेली. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा मीच प्यायले.

५ जून, बुधवार

वीज नाही. खिडकीशी बसून लिहिते. पेन्सिलीनेच लिहिते मी, चुकलं की खोडता येतं. ही तारखा छापलेली वही बियाणाच्या दुकानदाराने दिलेली, तीन वर्षांपूर्वीची. वार जुळत नाहीत, मी खोडून नवे टाकते.

आज एक मजा झाली. तवोंगा म्हणाली, "आजी, मी एक मूळ फाईल करणार आहे. सगळं त्या एकीतच लिहायचं. मग एक बटण दाबलं की तिच्यातून सगळ्या दवाखान्यांच्या सगळ्या फायली आपोआप जन्मतील. काही बदलायचं तर फक्त मूळ फायलीत बदलायचं, पुन्हा बटण दाबायचं."

मी म्हटलं, "म्हणजे माझा पुठ्ठा!"

तिला आठवेना. मी पलंगाखालून काढून दाखवला. चर्चच्या बायकांच्या मंडळाचे पांढरे ब्लाउज मी बावीस वर्षं शिवले. सगळे एका पुठ्ठ्यावरून कापलेले. मंडळातल्या न्यागोंडवेचा डावा खांदा उतरता आहे. पहिल्या वर्षी मी शिवून झाल्यावर खांदा उसवून तिला बसता करून दिला. पुढच्या वर्षी पुठ्ठ्यावरून नवा कापला, तर पुन्हा जसाच्या तसा! चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत ओरडली माझ्यावर. तेव्हापासून मी पुठ्ठ्यावरच लिहून ठेवते, 'न्यागोंडवे – डावा खांदा एक बोट खाली.' बाई म्हातारी झाली, खांदा आता दीड बोट उतरलाय, तेही लिहिलंय.

तवोंगा पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. मग फोटो काढला! म्हणाली, "आजी, अपवादसुद्धा पुठ्ठ्यावरच. हेच मी ऑफिसात खुम्बोला सांगून सांगून थकले."

मला काय आनंद झाला! शाळा मी दुसरीपर्यंत. आणि नात म्हणते, हेच!

११ जून, मंगळवार

खुम्बो आला होता. तवोंगाच्या ऑफिसातला. तो मोटारसायकलवरून दवाखाने फिरतो, यंत्रं बसवतो. चिखलाने पार माखून आला. मी पिठाचे गोड गोळे, मांडासी, तळले होते, सहा खाल्ले. घरी दीड महिन्याचं बाळ आहे, म्हणाला रडतं तेव्हा अख्खी गल्ली उठते.

दोघांची जुंपली.

"मॅडम, तुमची ही मूळ फाईल होईपर्यंत मी हाताने तीनदा बदलून येईन."

"आणि तीनदा चुकून येशील."

"चुकलो तर जागेवरच दुरुस्त करतो ना! मी दवाखान्यात उभा असतो. तुम्ही इथे खुर्चीत."

"खुर्चीतच बसून तुझ्या तीनशे मिनिटांची चूक शोधली मी."

"ती माझी होती?"

"मग काय आजीची?"

मी म्हटलं, भांडा बाबांनो, पण तेल गरम आहे तोवर खा.

तिची नोकरीतली तीन महिन्यांची परीक्षेची मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते. मग मोठ्या बाई ठरवणार, तिला कामावर ठेवायचं की नाही. म्हणूनच पोरगी एवढी जिवावर उदार झाली आहे. तिची आई जोहान्सबर्गला, ती फोनवर म्हणते, "होईल सगळं." लांबून होईल म्हणायला काय जातं!

१४ जून, शुक्रवार

झाली! आईफाईल झाली! मी तिला आईफाईल म्हणते, आता तवोंगाही म्हणते.

बटण दाबलं आणि पडद्यावर भराभरा ओळी पळाल्या. मला वाटलं बिघडलं. ती म्हणाली, "जन्मतायत." प्रत्येक फायलीच्या डोक्यावर एक ओळ आपोआप येते – ही फाईल हाताने बदलू नका. आणि कुलूपही लागतं, म्हणजे कुणी चुकून हात लावला तरी लिहिता येऊ नये.

"आणि कुणी कुलूप तोडलं तर?"

"तर पुढच्या वेळी बटण दाबलं की त्याचं लिहिलेलं पुसून जाईल. आईफाईल पुन्हा आपलं तेच लिहील."

न्यागोंडवेचा खांदा!

रात्रीचं जेवण दोघी विसरलोच. मग कसाव्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला कोंडोवोले आणि कालचे मासे, उभ्याउभ्याच.

१९ जून, बुधवार

सरकारी माणसाच्या फोनासारखा माझा फोन वाजतोय! टिंग, टिंग, दिवसभर.

झालं काय, सिस्टरांचे नंबर अजून आईफायलीत भरलेच नाहीत. म्हणून तवोंगाने खाली शेवटी एक ओळ लिहिली, ज्या दवाखान्याचा नंबर नाही त्याचा मेसेज आजीला जावा. तपासण्यापुरतं, आणि सध्या फ्रिज ठीक असला तरी. म्हणाली, "तुझाच फोन कायम चालू असतो, आणि तुझ्याजवळच असतो."

तर एकतीस फ्रिज माझ्याशी बोलतात! 'कालोवे दवाखाना, ५ अंश, ठीक.' मग डोंगरातला, '४ अंश, ठीक.' मी पहिल्या दिवशी उत्तरं पाठवली. 'ठीक आहेस ना, बरं वाटलं.' तवोंगा हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आजी, फ्रिज वाचत नाहीत!" न वाचू देत. कुणी ठीक आहे म्हणालं तर आपण बोलायला नको का?

सरोवराकाठचं कालोवे मला आवडतं. माझ्या लग्नात मासे तिथूनच आले होते. न्यागोंडवेची नणंद अजून तिथे वाळवलेला उसिपा विकते, बोटाएवढे ते मासे, सगळा काठ चंदेरी दिसतो. मी तिथे जाऊन आता अकरा वर्षं झाली. गुडघे. पण फ्रिज रोज सांगतो ठीक आहे.

तवोंगाने मला माझं नाव टाईप करायलाही शिकवलं. चुकलं की मागे जाणारं बाणाचं बटण दाबायचं, ते एकेक अक्षर खाऊन टाकतं. खोडरबरापेक्षा बरं, कागद फाटत नाही.

२४ जून, सोमवार

सगळे एकतीस नंबर भरून झाले. तवोंगाने 'ठीक'चे मेसेज बंद केले, आता फ्रिज तापला तरच मेसेज, आणि माझी ओळ झोपवली. ओळीच्या पुढे दोन तिरक्या रेघा काढल्या की ती ओळ झोपते म्हणे, आहे पण नाही. "कायमची पुसेन नंतर," म्हणाली.

"आणि आता कुणाचा नंबर राहिला तर?"

"तर बटण दाबल्यावर आईफाईल अडून बसेल. अमक्याचा नंबर नाही म्हणेल, पुढे हलणारच नाही. तेच बरं, आजी. गप्प बसण्यापेक्षा अडलेलं बरं."

फोन दिवसभर गप्प. चांगलंच झालं म्हणा. झोप तरी लागेल दुपारची.

लागली नाही.

२५ जून, मंगळवार

आज लिहीत नाही.

२७ जून, गुरुवार

पाण्याला दोन तास रांग. पुढे एक बाई सात बादल्या घेऊन. सात! मी म्हटलं, "अगं, सरोवरच का नाही नेत?" ती म्हणाली, "नेलं असतं, आजी, मडकं छोटं पडलं." हसलो सगळे, पण पाठ काही हसत नव्हती.

तवोंगा सोळा तास बसते. डोळे लाल. मी तिच्या मानेला तेल लावते तेव्हा ती झोपते, बसल्या बसल्या, हात तसेच बटणांवर.

१ जुलै, सोमवार

कालोवेच्या सिस्टर लुसुबिलोंचा फोन सरोवरात पडला! होडीतून उतरताना. कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी कळवलं. तवोंगाने लगेच आईफायलीतून तो बुडालेला नंबर काढून टाकला. नवा आला की घालणार होती.

खुम्बो त्याच बाजूला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, "मॅडम, नवा नंबर मिळाला. टाकला. काम झालं."

"नक्की?"

"तुमच्या लग्नात नाचायला येईन, एवढं नक्की."

तिने बटण दाबलं. आईफाईल अडली नाही, भराभरा पळाली. "म्हणजे टाकलाय त्याने," ती म्हणाली, आणि टेबलावरच डोकं टेकवलं.

४ जुलै, गुरुवार

उशीर झालाय. पण लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

तवोंगा पहाटेच्या बसने लिलाँग्वेला गेली, आज तिचा निकाल. मी तिला उकडलेली रताळी बांधून दिली. जाताना म्हणाली, "मीटिंगमध्ये फोन बंद असेल, काळजी करू नकोस."

साडेअकराला टिंग.

'कालोवे दवाखाना, ९ अंश, गरम.'

मला आधी आनंदच झाला! म्हटलं, आला बाई आवाज. मग वाचलं. ठीक नव्हतं लिहिलेलं. आणि हा माझ्याकडे का यावा? तपासणी असेल म्हणून पातेलं घासायला घेतलं. पण हात चालेना. पुन्हा टिंग. १० अंश.

तवोंगाला लावला, बंद. खुम्बोला लावला, तो डोंगरात, लागेना. सिस्टरचा नंबर माझ्याकडे कुठून असणार? चप्पल घातली नि न्यागोंडवेकडे. दोन वळणं आहेत, पण आज चढ वाटली सगळी वाट. ती उन्हात पाय पसरून बसलेली.

"तुझ्या नणंदेला फोन लाव!"

"का? कोण गेलं?"

"कुणी नाही. फ्रिज तापलाय."

"तुझ्याकडे फ्रिज कधी आला?"

"माझा नाही गं बाई! कालोवेचा! लाव आधी, टोमणे मग."

तिची नणंद बाजारात होती. मी ओरडून सांगितलं, सिस्टरला सांग, लसींचा फ्रिज बघा, आत्ता. ती म्हणाली, "तुला म्झुझूत बसून कसं कळलं?" मी म्हटलं, "पळ!" साठीची बाई, पळाली. फोन चालूच होता, मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कोंबड्या.

आणि काय निघालं? दवाखान्याच्या मागे तो सूर्यावर चालणारा पत्रा आहे ना, फ्रिजला वीज देतो तो. त्यावर कुणीतरी उसिपा वाळत घातला होता! मासे वाळवायची मचाणं भरली होती, पत्रा गरम, गुळगुळीत, उन्हात. कुणाला मोह होणार नाही? अख्खा पत्रा माशांनी झाकलेला. फ्रिजला ऊन कुठून मिळणार! कालपासून घातलेले म्हणे.

सिस्टरने लसी बर्फाच्या पेटीत हलवल्या. मासे खाली काढले. कुणाचे ते कुणी कबूल करेना. सिस्टर फोनवर म्हणाल्या, "दोन तास उशीर झाला असता तर सगळ्या फेकाव्या लागल्या असत्या. पुढच्या आठवड्यात दीडशे बाळं येणार आहेत, माई."

मला माई म्हणाल्या. रडले मी. न्यागोंडवे म्हणाली, "आता रड, मगाशी सवड नव्हती."

५ जुलै, शुक्रवार

तवोंगा आली. ठेवलं तिला! कायम! मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर कालोवेची गोष्ट सांगितली म्हणे, तिच्या आजीने लसी वाचवल्या म्हणून टाळ्या झाल्या. माझ्यासाठी टाळ्या, लिलाँग्वेत!

शेजारणीही आल्या. मक्याचं गोडसर पेय, थोब्वा, केला होता, सगळा संपला. न्यागोंडवे प्रत्येकीला सांगतेय, "फोन माझा होता."

तवोंगा मात्र हसत नव्हती. म्हटलं, प्रवासाने दमली असेल.

८ जुलै, सोमवार

खुम्बोला काढणार आहेत.

चौकशी झाली. त्याने नवा नंबर आईफायलीत घातलाच नव्हता. कुलूप तोडून कालोवेच्या फायलीत हाताने लिहिला होता, आणि तवोंगाने बटण दाबताच तो पुसला गेला. आज तो आला तेव्हा मांडासीला हातसुद्धा लावला नाही. "आजीबाई, मी खरंच टाकला होता हो. सिस्टरला त्यावर फोन लावूनसुद्धा पाहिला." मग म्हणाला, बायकोला अजून सांगितलं नाही.

तो गेल्यावर तवोंगाने आईफाईल पुन्हा उघडली. म्हणाली, "त्याचं चुकलं. पण आजी, आईफाईल अडायला हवी होती. कालोवेला नंबरच नव्हता. ती अडली असती तर मला त्याच दिवशी कळलं असतं, मी नंबर घातला असता, सिस्टरला पहिल्याच मिनिटाला मेसेज गेला असता. ती अडली नाही, कारण तुझी ओळ जागी होती."

मी कोंडोवोलेचं पातेलं चुलीवर चढवलं.

"कोणी काय कधी बदललं, त्याची नोंद असते. रेघा पंचवीस जूनला दुपारी गेल्यात. माझ्याच नावावर. झोपेत केलं असणार मी." डोळे चोळले तिने. "उद्या बाईंना लिहिते. खुम्बोवर एकट्यावर कशाला? चूक माझीही आहे. मुदत संपली म्हणून काय झालं, काढायचं तर काढू देत."

मी कोंडोवोले ढवळत राहिले. खाली लागला.

९ जुलै, मंगळवार

आज पेनाने लिहिते.

पंचवीस तारखेला ती नळावर गेली होती. आईफाईल उघडी होती. माझा नंबर मी लगेच ओळखला, तेवढे आकडे मला येतात. बाणाच्या बटणाने मी त्या दोन रेघा खाल्ल्या. वाटलं, पुन्हा टिंग वाजेल. वाजलं नाही, मग विसरले. खोटं, विसरले नाही.

आत्ताही ती नळावर गेली आहे. बाईंना लिहिलेलं पत्र पडद्यावर तसंच आहे, अजून पाठवलेलं नाही. त्याला मी हात लावणार नाही. हे पान उघडं करून त्याच्यापुढे ठेवते.

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.